चौथं बटण

मुलीचा निबंध पहिल्याच वाक्यावर अडला होता. ‘कुटुंब हा समाजाचा पाया आहे’ एवढं लिहून झालं होतं आणि पेन तोंडात होतं. विषय ‘बदलता समाज आणि माझं कुटुंब’, शब्द आठशे, उद्या सकाळी द्यायचा. लाँड्रीच्या काउंटरवर वही उघडी होती. मागे आई इस्त्री करत होती आणि हॉस्टेलचं गाठोडं निम्मं उरकलं होतं.

त्या गाठोड्यातून एक निळा शर्ट वर आला आणि मुलीनं तोंडातलं पेन काढलं.

शर्ट त्याचा होता, कॉलेजात तिचं ज्याच्याशी जमलं होतं त्याचा. त्याला शंभरदा बजावलं होतं, बाबा रे, कपडे कुठेही दे, आमच्याकडे टाकू नकोस. त्यानं टाकलाही नसणार. त्याच्या खोलीतला मित्र एक नंबरचा परोपकारी, दिसेल ते उचलून गाठोड्यात कोंबणारा. लाँड्रीत हा शर्ट आज पहिल्यांदाच येत होता. पण त्याचं चौथं बटण मुलीनं लावलं होतं, मागच्या आठवड्यात, लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसून.

आता बटण लावणाऱ्यांची जगात काय कमी? पण या घराची रीत वेगळी. चार भोकांत फुली घालायची. बटणाखाली दोऱ्याचे तीन वेढे द्यायचे, म्हणजे इस्त्री फिरताना बटण ओढलं जात नाही. आणि शेवटची गाठ आतून मारायची नाही, वरून मारायची, बटणाच्या आडोशाला. ही लाँड्री सुरू केली आजीनं. तिनं हे आईला शिकवलं, आईनं मुलीला. आजी गेल्यापासून अशी गाठ मारणारी माणसं दोनच उरली होती आणि दोघी या घटकेला एकाच खोलीत होत्या. बटण लावताना मुलीच्या हे ध्यानातही आलं नव्हतं. हाताला वळण लागलं की लागलं.

आईनं कॉलर केली, बाह्या केल्या, मग पुढची पट्टी घेतली. पहिलं बटण, दुसरं, तिसरं. मग तिनं शर्ट डोळ्यांजवळ नेला, परत टेबलावर ठेवला आणि इस्त्री तशीच वीतभर वर धरून उभी राहिली.

मुलीला बाबांचा शर्ट आठवला. तो कपाटात तळाशी असतो आणि त्याच्या छातीवर इस्त्रीच्या आकाराचा करपलेला डाग आहे. बाबा बस चालवतात. पाहुणे आले की हमखास तो शर्ट बाहेर काढतात. लग्नाआधी ते याच लाँड्रीचे गिऱ्हाईक होते आणि दर आठवड्याला त्यांच्या शर्टाचं एक बटण गेलेलं असायचं. ते लावायचं काम आईचं. सातव्या आठवड्याला आजीच्या लक्षात आलं की या माणसाची बटणं तुटत नाहीत, हा ती तोडतो. तिनं तापलेली इस्त्री शर्टावर ठेवली आणि धूर निघेपर्यंत उचलली नाही. लग्न व्हायचं ते झालंच, पण आजी आईशी चार वर्षं बोलली नाही. मुलीचा जन्म झाला तेव्हा बोलली, तेही ‘दुपट्याची घडी नीट घाल’ एवढंच. बाबा हे सगळं हसत हसत सांगतात. आई तेवढ्यात उठून आत जाते.

चार वर्षं. आई चार दिवस जरी बोलली नसती तरी मुलीचा जीव गेला असता.

“तुटलं होतं की तोडलं होतं?” आईनं विचारलं.

खोटं बोलून उपयोग नव्हता. “तोडलं होतं,” मुलगी म्हणाली. “त्यानंच.”

मग आईनं एकेक विचारलं, तो काय शिकतो, घरी कोण कोण आहे, हे किती दिवस चाललंय. मुलीनं सगळं सांगितलं. तो आपल्यातला नाही, हेही सांगून टाकलं, उगाच मागाहून दुसऱ्याच्या तोंडून कळायला नको. आई ऐकत होती. ऐकता ऐकता तिनं इस्त्री खाली आणली आणि नुसत्या टोकानं चौथ्या बटणाभोवती फिरवली. डाग पडला नाही. मुलीनं श्वास सोडला.

सोडते न सोडते तोच आईनं खणातून कात्री काढली आणि ते बटण कचकन कापलं.

मुलीला रडू आलं आणि रडण्याहून जास्त राग आला. आजी निदान उघड जाळून तरी मोकळी झाली होती. आईनं शर्टाची घडी घातली. बटण कागदाच्या पुडीत ठेवलं, सुईला निळा दोरा गुंडाळून तीही पुडीत टाकली आणि पुडी शर्टाच्या खिशात सरकवली.

“तुझ्या बाबांनी सात बटणं तोडली,” ती म्हणाली. “बावीस वर्षं झाली, अजून एक लावता येत नाही. आजही बटण तुटलेला युनिफॉर्म माझ्यासाठी खुंटीला टांगून गेलेत.”

आईनं घडी घातलेला शर्ट मुलीच्या वहीवर ठेवला.

“हा शर्ट त्याला दे. स्वतः लावू दे. लागलं की तोच घालून घरी ये म्हणावं.”

आणि पहिल्या फटक्यात नाही जमलं तर, असं मुलीनं हळूच विचारलं. दोरा पुष्कळ दिलाय, असं आई म्हणाली आणि तिनं गाठोड्यातला पुढचा शर्ट ओढला, त्याच्यावर पाणी शिंपडलं, कॉलर सरळ केली.

“आणि गाठ वरून मारायला सांग,” मान वर न करता ती म्हणाली. “आतली टोचते.”