बरणीची गाठ

"तू राहू दे गं. आज घरची लेक आलीय," असं म्हणत नणंदेने, लुसिंडाने, एस्लिनच्या हातातून बरणी काढून घेतली.

एस्लिन बाजूला झाली. चर्चमधून सगळे नुकतेच परतले होते. यंदा नाताळ शुक्रवारी आला होता. तीन दिवस कुणी कुठे जायचं नाही, घरात बसून खायचं आणि पूर्वजांच्या मदेरा बेटाच्या गोष्टी सांगायच्या, असं गोव्हिया कुटुंबाच्या जॉर्जटाउनमधल्या घरात ठरलेलं होतं. सणाचा पहिला घासही ठरलेला: लसूण, मिरची आणि व्हिनेगरमध्ये दहा दिवस मुरलेलं डुकराचं मांस, लालसर परतून, घरच्या पावाबरोबर.

ते मुरायचं ती दगडी बरणी घरच्या लेकाच्या, हुबर्टच्या, खापरपणजीने मदेरा बेटावरून जहाजात मांडीवर धरून आणली होती. पोरं रडली तरी चालतील, पण बरणी खाली ठेवायची नाही, असा तिचा खाक्या होता म्हणे. बरणीत हात घालायचा तो घराण्यातल्या थोरल्या बाईने. नाताळाआधी परक्याने ती उघडली तर मांस सडतं, हे गोव्हिया मंडळी शपथेवर सांगत. एस्लिन हुबर्टची बायको. मुळात आफ्रिकी घराण्यातली. बावीस वर्षांत तिच्या वाट्याला फक्त लसूण सोलणं आलं होतं.

आणि यंदा तिच्या सासूबाईंनी, ओलिंडाबाईंनी, बरणी पुढच्या हाताकडे सोपवणार असल्याचं जाहीर केलं होतं. ते ऐकून त्यांची लेक लुसिंडा टोरांटोहून नऊ वर्षांनी धावत आली होती. बॅगेत बरणी गुंडाळायला दोन जाड टॉवेलही होते.

"आई, अजून काय गाठ मारतेस गं!" झाकणावरच्या फडक्याची दोरी सोडवताना लुसिंडा ओरडली. "नख मोडलं माझं!"

एस्लिनने पावाच्या पाटीत मान घातली.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. बरणी भरून तीनच दिवस झाले होते, आणि तिच्याभोवती माश्या घोंघावू लागल्या. व्हिनेगर असताना माश्या कशा येतील? दुपारी सासूबाई झोपल्यावर एस्लिनने गाठ सोडली. आत नुसतं पाणी होतं. पाणी आणि व्हिनेगर, दोन्ही रमच्या जुन्या बाटल्यांत शेजारी-शेजारी असायचं. त्या वर्षीच्या तापाने सासूबाईंना वास आणि चव दोन्ही कळेनाशी झाली होती, हे तिला तेव्हा उमगलं. तिने मांस फेकलं, बाजारातून ताजं आणलं, अठरा वर्षं दारातून पाहिलं होतं तसंच सगळं केलं, आणि दोरीला तशीच गाठ मारली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पुढच्या वर्षापासून तर दोरी नुसती गुंडाळलेली दिसू लागली. म्हातारीच्या बोटांतही जोर उरला नाही, या विचाराने एस्लिनचा जीव कळवळला. दर वर्षी बरणी भरली त्याच दुपारी ती गुपचूप आतलं पाहायची, चुकलंमाकलं निस्तरायची आणि घट्ट गाठ मारून टाकायची. उपकार म्हणून नव्हे. ती सहा वर्षांची असताना तिची आई गेली होती. दुखण्यात उशाशी बसणारी आणि पावसात भिजून आल्यावर पाठीत धपाटा घालणारी बाई तिला भेटली ती लग्न झाल्यावर, याच घरात. त्या बाईची मान खाली जाऊ द्यायची नाही, एवढंच तिला कळत होतं.

मांस परतून झालं. लुसिंडाने पहिला तुकडा तोंडात टाकला आणि तिचे डोळे भरून आले.

"हीच! आईच्या हाताची चव! रक्तातच असावं लागतं हे, शिकून येत नाही." मग ती वळली. "खरं सांग एस्लिन, तू कधी हात लावलायस या बरणीला?"

हो म्हणावं तर सासूबाईंची लाज जाईल. नाही म्हणावं तर बरणी जाईल.

"नाही," एस्लिन म्हणाली.

ओलिंडाबाईंनी हातातला पाव खाली ठेवला. "सणासुदीला खोटं बोलतेस होय गं?"



"चार वर्षांपूर्वी नाताळ झाल्यावर फडताळ आवरलं," त्या म्हणाल्या. "ज्या बाटलीतून मी ओतलं होतं तिच्या तळाशी घोटभर उरलं होतं. ते बशीत ओतून मांजरीपुढे ठेवलं, तर तिने लपालपा पिऊन टाकलं. व्हिनेगर कुठली मांजर पिते? मी पाणी ओतलं होतं, आणि तरी सगळे बोटं चाटत उठले होते. तेव्हाच कळलं मला. तुला विचारायची लाज वाटली, बाई. दर रविवारी देवाला मात्र तुझं नाव सांगत आले."

त्यांनी रिकामी बरणी उचलली आणि एस्लिनच्या हातांत दिली. "हुबर्टच्या खापरपणजीने मांडीवर धरली होती. आता तू धर."

लुसिंडा मोडक्या नखाकडे पाहत राहिली. मग उठली आणि बॅगेतले टॉवेल आणून एस्लिनच्या खांद्यावर टाकले.

एस्लिनला हुंदका आवरेना. "पण आई, मला वाटायचं तुमच्या बोटांत जोर राहिला नाही. दोरी नुसती गुंडाळलेली असायची..."

"बोटांना काय धाड भरलीय माझ्या?" ओलिंडाबाई म्हणाल्या. "तुला सोडवायला त्रास नको, म्हणून गाठ मारत नव्हते."