गीतकार: बलकार सिंग

म्युझिक कंपनीच्या मालकाने, बलकारने, जगरूपचं डोकं स्टुडिओच्या टेबलावर तिसऱ्यांदा आपटलं, तेव्हा पगडी सुटून रक्त वायरींवर सांडलं. जगरूपच्या अकरा गाण्यांवर गीतकार म्हणून बलकारने स्वतःचंच नाव लावलं होतं; बारावं मात्र जगरूप परस्पर इंटरनेटवरच्या त्या नव्या नोंदवहीत चढवायला निघाला होता. ती वही कुणा एकाच्या मालकीची नव्हती, हजारो कॉम्प्युटरांवर एकाच वेळी लिहिली जायची.

“पाजी, तिथं चढलेलं नाव कुणाच्या बापाला पुसता येत नाही,” जगरूप रक्त थुंकत म्हणाला. “आधी गाणं तरी ऐका.”

“ऐकायचंय काय त्यात? माझं नाव चढव, ओए!” बलकारने पिस्तूल त्याच्या कानात खुपसलं. जगरूपने बलकारचं नाव चढवलं.

आठवडाभरात गाणं मोहालीतल्या प्रत्येक गाडीत वाजू लागलं, आणि एका दुपारी बग्गा गँगच्या चौघांनी स्टुडिओचं दार लाथेने तोडलं. “आमचा बग्गा बायकोची ओढणी पांघरून पळाला, असं लिहितोस?” फोनवरचं गीतकाराचं नाव पुन्हा एकदा वाचून एकाने बलकारच्या गुडघ्यात गोळी घातली.

“मी नाही, यानं लिहिलंय!” बलकार फरशीवर लोळत किंचाळला. “जगरूप, पुत्तर, पाया पडतो तुझ्या, ते नाव बदल!”

जगरूपने पगडीखालचं बँडेज चाचपलं.



“कितीदा सांगू, पाजी? कुणाच्या बापाला पुसता येत नाही.”