पटाचा निकाल

लग्नाच्या वर्षी गावच्या शंकरपटात आपली बैलजोडी पहिली आली होती, असं आमचे हे तेव्हापासून सांगतात. परवा दिग्रसहून आलेली नात म्हणाली, "आबा, या फोनले विचारा, याले सारं माहीत असते." यांनी विचारलं, "आमची जोडी पटात कशी जिंकली?" फोनने बैलांचा वेग, लोकांच्या टाळ्या सारं रंगवून सांगितलं. मग मी विचारलं, "जोडी पऱ्हाटीत शिरून कशी हरली?" फोन म्हणाला, "क्षमस्व, ती कपाशीत शिरली म्हणूनच हरली." हे चिडले. "तू होता काय रे तिथं?" "नाही, नव्हतो," फोनने कबूल केलं. नात माझ्याकडे वळली. "आजी, तू तं होती. खरं सांग." "थांब, आधी तिले चहा घेऊ दे," म्हणत हे जन्मात पहिल्यांदा गॅसपाशी गेले. चहा इतका गोड होता, की जोडी जिंकली असं मला सांगावंच लागलं.