सगळ्यात शांत हीट पंप

घर उबदार ठेवणारा हीट पंप कुठल्या कंपनीचा घ्यायचा, यावर आमच्या ह्यांनी चार महिने स्वतःचं डोकं शिणवलं आणि माझं पिकवलं. ह्यांची झोप इतकी सावध की नळ ठिबकला तरी उठून बसतात. म्हणून लोकांच्या घरांमागे कान लावून हिंडले आणि कुठल्या कंपनीचा आवाज किती, याचा तक्ता केला. शेवटी सगळ्यात शांत आणि अर्थातच सगळ्यात महाग पंप आला. तरीही बाहेरचं युनिट कुठे बसवू, असं मिस्त्रीने विचारताच हे म्हणाले, "मास्तरांच्या भिंतीकडे. आपल्या खिडकीपासून लांब."

शेजारच्या मास्तरांनी तो तक्ता कौतुकाने मागून नेला. पुढच्याच आठवड्यात आमच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली त्यांच्या नव्या पंपाची घरघर सुरू झाली.

तिसऱ्या दिवशी लाल डोळ्यांनी हे मास्तरांच्या दारात. "अहो, हा तर माझ्या तक्त्यात सगळ्यात शेवटी होता! ह्याचा आवाज ऐकलात का तुम्ही?"



मास्तर म्हणाले, "नाही बुवा. आपल्या खिडकीपासून लांब बसवलाय."