शनीपाशी सोडलेलं यान

प्राध्यापक टिपणिसांची मुलगी त्यांच्या तेराव्यानंतर माझ्या घरी आली आणि तिने टेबलावर एक बाड ठेवलं. साप्ताहिकातली माझीच अंतराळमालिका होती ती, हप्ता हप्ता कापून सुईदोऱ्याने शिवलेली.

ह्याच टिपणिसांनी त्या मालिकेला ‘आकाशातला तमाशा’ म्हणून जाहीर झोडपलं होतं. परदेशातही अशा कथांना आधी ‘स्पेस ऑपेरा’ म्हणून हिणवायचे; आता तेच नाव लोक मिरवतात. पण तिकडचे लेखक लिहीत राहिले. मी मात्र माझ्या कथेतल्या राणीचं जळतं यान शनीच्या कड्यांत सोडून दिलं आणि पुन्हा लेखणी धरली नाही.

“शेवट बघा ना,” मुलगी म्हणाली.

शेवटच्या हप्त्यामागे चाळीस कोरी पानं शिवलेली होती. पहिल्या पानावर प्राध्यापकांच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘पुढील हप्ता’.

“अंक आला की बाबा आधी तुमचंच नाव शोधायचे,” ती म्हणाली. “साप्ताहिक बंद पडेपर्यंत.”

मी ती कोरी पानं उलटत राहिले. रडू यायच्या आधी मला संतापच आला.

“अगं, मग एक पोस्टकार्ड टाकायला काय झालं होतं तुझ्या बाबांना?”