खांद्यावरचं पान

“हलू नकोस,” नणंद कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाली.

“मी कुठे हलतेय? फांदी हलतेय,” मागून भावजय म्हणाली.

पाण्याच्या टाकीमागे, पिकून पडलेल्या अंजिरांमध्ये, दोघी पाऊण तास उभ्या होत्या. फळांना आंबूस वास सुटला होता. नणंद रुग्णालयात एकतीस वर्षं एक्स-रे काढून निवृत्त झालेली. ‘हलू नका’ तिच्या तोंडात इतकं बसलं होतं की झाडांचीही त्यातून सुटका नव्हती. भावजयीला आणलं होतं पाण्याची बाटली धरायला, आणि नणंदेचा गुडघा अडून बसला तर हात द्यायला.

हंगाम संपत आला होता. फुलपाखरं विरळ झाली होती आणि उरलेल्यांतली निम्मी फाटक्या पंखांची होती. फुलपाखरू मंडळाची वर्षाची यादी उद्या बंद होणार होती, आणि त्या यादीत नणंदेला एकच नाव घालायचं होतं. पंख मिटले की हे फुलपाखरू हुबेहूब सुकं पान दिसतं, अगदी देठासकट. उघडले की आत गडद निळं. पण उघडणार ते डोळ्याचं पातं लवेपर्यंत. गेल्या वर्षी याच झाडाखाली तिने ते उघडलेलं पाहिलं, आणि कॅमेरा वर येईतो ते मिटलं. तरी तिने अकरा फोटो काढून पाठवले. मंडळाच्या प्रमुखांनी सगळ्यांच्या देखत उत्तर दिलं, “छान पान आहे.” फोटो नाही तर नोंद नाही, असा मंडळाचा नियम होता. तो करायला लावला होता नणंदेनेच.

घरी तर विचारूच नका. अंगण झाडताना भावजय हाक मारायची, “ताई, केर भरू का, की आधी फोटो काढताय?” सगळे खो खो हसायचे. नणंदही हसायची. तिला ते फार लागलं होतं, पण हसण्यावारी नेण्यावाचून इलाज नव्हता.

“ताई, ते पानच आहे हो,” समोरच्या फांदीकडे बघत भावजय आता म्हणाली.

“पान वाऱ्याबरोबर झुकतं. हे वाऱ्याच्या उलट झुकलंय. श्वास रोख.”

भावजयीने निमूट श्वास रोखला. एक्स-रेवाल्या बाईशी वाद घालून आजवर कुणाचं भलं झालेलं नव्हतं.

भावजयीला एक खोड होती. कुणाच्या अंगावर केस, दोरा, कचरा दिसला की तिचा हात गेलाच. नवरा, शेजारीण, एकदा तर रांगेत पुढे उभी असलेली अनोळखी बाईसुद्धा तिच्या तावडीतून सुटली नव्हती. आत्ता नणंदेच्या घामेजल्या खांद्यावर एक सुकं पान येऊन पडलेलं तिला दिसलं. तिने ते टिचकीने उडवलं.

पान खाली पडलं नाही. ते उघडलं, तिच्या नाकासमोरून वर गेलं आणि टाकीच्या भिंतीपलीकडे नाहीसं झालं.

भावजय तोंड उघडं टाकून बघत राहिली. नणंदेला यातलं काहीच कळलं नाही. तिचं सगळं ध्यान समोरच्या फांदीवर होतं, आणि तिथलं पान तेवढ्यात वाऱ्याने गळलं आणि गिरक्या घेत अंजिरांत जाऊन पडलं.

“पानच निघालं,” नणंद म्हणाली. तिने कॅमेऱ्यावर झाकण लावलं. “चल. ऊन चढलं.”

भावजय गप्प बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं. तसा विचार तिच्या मनात येऊनही गेला. पण नणंदेचे पडलेले खांदे तिला बघवेनात.

“ताई, ते तुमच्या खांद्यावर होतं.”

“काय?”

“फुलपाखरू. मी उडवलं. मला वाटलं, पान पडलंय.”

नणंदेने तिच्याकडे रोखून पाहिलं. “चेष्टा घरी करतेस तेवढी पुरे.”

“चेष्टा नाही हो. तुमच्या भावाची शपथ.”

“मग सांग, आतून कसं होतं?” नणंद दवाखान्यातल्या आवाजात म्हणाली.

“निळं.”

“निळं म्हणून वर्षभर मीच सांगतेय. आणखी काय दिसलं?”

भावजयीने डोळे मिटले. फुलपाखरांचं पुस्तक तिने आजवर उघडून पाहिलं नव्हतं, फक्त वरची धूळ पुसली होती. “पट्टा होता एक. नारिंगी. असा तिरका.” तिने आपल्याच हातावर बोट ओढून दाखवलं. “आणि वर ठिपका. पांढरा... नाही, पांढरा नाही. काचेसारखा. त्यातून पलीकडची भिंत दिसली मला.”

गेल्या वर्षी आपल्यालाही तो ठिपका दिसला होता, हे नणंद कुणापाशीच बोलली नव्हती. आधीच लोक हसताहेत, त्यात आणखी भर कशाला, म्हणून तिने ते मनातच ठेवलं होतं. पुढे पुढे तर तो आपण खरंच पाहिला की नाही, याचीही तिला खात्री राहिली नव्हती.

ती टाकीच्या कट्ट्यावर जाऊन बसली.

“चुकलं माझं ताई,” भावजय रडवेली झाली. “आता उद्याच्या यादीत...”

“यादी गेली खड्ड्यात.” नणंदेचे डोळे भरून आले होते. तिने कट्ट्यावर सरकून जागा केली. “बस इथे. परत सांग. भिंत दिसली म्हणालीस?”