तिचंच पुस्तक

सांगलीच्या पुस्तक प्रदर्शनात हेमलतानं एक नवी थरारक कादंबरी उचलली. तिचा पहिला कवितासंग्रह निघून वर्ष झालं होतं, पण तो वाचलेलं एकही माणूस तिला भेटलं नव्हतं. आता कविता बंद, असं ठरवूनच ती आली होती.

"ताई, ही मी वाचलीय. खुनी कोण ते सांगू का?" शेजारचे आजोबा म्हणाले. "नको ना? मग आधी हे घ्या." त्यांनी एक पातळ पुस्तक तिच्या हातात ठेवलं. तिचंच!

"यात खून नाही, पण झोप उडते," म्हणत आजोबांनी भर गर्दीत तिची एक कविता म्हणून दाखवली. दोन ओळी चुकल्या, पण तिला त्याही आवडल्या.

"कोण हो ही कवयित्री?" तिनं हसू दाबत विचारलं.

"कुणास ठाऊक! पण दुसरं पुस्तक आलं की मला कळवा."

"नक्की कळवते!"

स्वतःचंच पुस्तक विकत घेऊन ती तरंगतच बसमध्ये चढली.

"एक मिरज द्या."

"ताई, ही विट्याला जाते," कंडक्टर म्हणाला.

"मग विट्याचं द्या!"